मालकांना नको असताना मोसंबीचा मळा वारसा ठरवावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं आजोळ नाशिकच्या मखमलाबाद शिवारातलं. मळ्यात दोन एकर मोसंबी, बांधाला कागदी लिंबं, विहिरीजवळ एक पपनस. आजोबांनी लावलेली ही बाग विकावी असं दोन्ही मामांच्या मनात होतं. ती वारसा म्हणून राखावी, असा अर्ज आसपासच्या काही लोकांनी केला आणि त्यावर मीही सही केली. मामांना न विचारता. तेव्हापासून दोन्ही बाजूंची माणसं माझ्याकडे येतात: मळेवाले, सोसायट्यांत राहणारे, झाडांसाठी धडपडणारी कॉलेजची मुलं. त्यांच्या प्रश्नांना मी देत आलेली उत्तरं इथे लिहिते आहे.

नाशिक तर द्राक्षांचं. इथल्या मोसंबीच्या बागेला कसला आलाय वारसा?

भौगोलिक मानांकन बघितलं तर मोसंबी जालन्याची, संत्रं नागपूरचं आणि द्राक्षं आपली, हे खरंच. पण शहरालगतचा जुना मळा म्हणजे एकच पीक कधी नव्हतं. विहिरीच्या पाण्यावर जे जगेल ते सगळं तिथे असायचं: पेरू, लिंबू, मोसंबी, मधल्या पट्ट्यात मेथी-कोथिंबीर, कडेला गुरांचा घास. आमच्या मळ्यात मोटेची धाव, म्हणजे मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, अजून ओळखू येते. दगडी थारोळं, म्हणजे मोटेचं पाणी पडायचं कुंड, शाबूत आहे, तिथून निघालेला पाट आणि त्याला फुटलेले दंडही दिसतात. मोट जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन विजेची मोटार आली, पण पाणी अजून त्याच वाटेने झाडापर्यंत जातं.

मला वारसा वाटतो तो हा. एकेकट्या झाडापेक्षा विहीर, पाट, झाडांभोवतीची पाण्याची आळी आणि त्यांना रोज हात लावणारी माणसं अशी अख्खी मांडणी. पांडवलेणी कोरणारी माणसं दोन हजार वर्षांपूर्वी गेली, तरी लेणी उभी आहेत. मळ्यातला माणूस उठून गेला की मळा दोन उन्हाळ्यांत संपतो. या पानावरचे बाकीचे सगळे प्रश्न या फरकापाशी येऊन थांबतात.

कायद्याने अशी बाग वारसा यादीत घालता येते का?

वाट आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम २२ मध्ये विकास आराखड्यात काय काय असू शकतं ते दिलं आहे. ऐतिहासिक, नैसर्गिक किंवा वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागांचं जतन त्यात येतं. त्याच आधारावर १९९५ मध्ये मुंबईत वारसा नियम आले. आता राज्यातल्या बहुतेक शहरांना लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीतही, म्हणजे सगळे जिला यूडीसीपीआर म्हणतात तिच्यात, वारसा जतनाचे नियम आहेत. ते फक्त इमारतींपुरते नाहीत. देवराया, टेकड्या, जलाशय, मोकळ्या जागा, झाडीचे पट्टे अशा नैसर्गिक जागाही यादीत घेता येतात. मळा बसवायचा झाला तर तो इथेच बसेल.

पुरातत्त्वाचे कायदे इथे उपयोगी नाहीत. केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा, दोन्ही कायदे जुन्या स्मारकांसाठी आणि अवशेषांसाठी आहेत. मात्र तुमचा मळा केंद्र-संरक्षित स्मारकाला लागून असेल, तर शंभर मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या दोनशे मीटरवर नियंत्रण, हा वेगळा नियम लागतो. झाडांशी त्याचा काही संबंध नाही.

मालकाची संमती घ्यावीच लागते का?

नाही, आणि नेमकं हेच बहुतेक मळेवाल्यांना माहीत नसतं. यादी करताना जाहीर सूचना काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. मालकाला हरकत घेता येते आणि त्याचं म्हणणं ऐकलं जायला हवं. पण "मला नको" एवढ्यावर यादीतून नाव निघतंच असं नाही.

हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. तीत भावनेपेक्षा वस्तुस्थिती लिहा: किती झाडं जिवंत आहेत, किती गेली, विहिरीला कोणत्या महिन्यापर्यंत पाणी असतं, गेल्या तीन वर्षांत खर्च किती झाला आणि विक्रीची पट्टी किती आली. आडत्यांच्या पावत्या जोडा. मालमत्तेचा हक्क आता मूलभूत हक्क नाही, पण राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००-अ नुसार कायद्याच्या आधाराशिवाय कुणाची मालमत्ता काढून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये कोलकाता महापालिकेच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने याचा अर्थ उलगडून सांगितला: आधी सूचना, मग म्हणणं ऐकणं, कारणांसह निर्णय, सार्वजनिक हेतू, योग्य मोबदला, आणि ही सगळी प्रक्रिया नीट व वेळेत पुरी होणं. तो निकाल भूसंपादनाबद्दलचा आहे, तरी हरकत लिहिताना तुमच्या वकिलाने तो वाचलेला असावा.

यादीत नाव गेलं तर मोबदला काय मिळतो?

रोख मिळत नाही. यादीत आल्यामुळे बांधकामाचा जो हक्क वापरता येत नाही, त्याच्या बदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर, देण्याची तरतूद आहे. तो प्रमाणपत्राच्या रूपात मिळतो आणि दुसरा बिल्डर तो विकत घेऊन शहरात अन्यत्र वापरू शकतो. भाव बाजारावर ठरतो, आणि कागद हातात पडेपर्यंत थांबण्याची ताकद मालकाकडे असावी लागते. शेतकरी कुटुंबाकडे ती सहसा नसते. मुलीचं लग्न आणि आजारपणाची बिलं थांबत नाहीत.

त्यापेक्षा महापालिकेने उद्यानाचं आरक्षण टाकलं तर?

आरक्षण आणि वारसा यादी यांची लोक सर्रास गल्लत करतात. यादीत जमीन तुमचीच राहते, वापरावर बंधन येतं. आरक्षणात ती पुढे घेतली जायची असते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याने घेतली, तर बाजारमूल्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम मिळते आणि झाडांचं मूल्यांकन वेगळं होतं. म्हणून ठिबकची नळी, विहीर, प्रत्येक झाड पंचनाम्यात आलंय का ते उभं राहून बघा.

आरक्षण टाकलं आणि दहा वर्षांत जमीन घेतलीच नाही, तर १९६६ च्याच कायद्याच्या कलम १२७ खाली मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. वारसा यादीला अशी मुदत नाही. माझ्या मते मालकाच्या दृष्टीने या दोन्हींत हाच सगळ्यात मोठा फरक आहे.

पन्नास वर्षांवरचं झाड आपोआप 'हेरिटेज वृक्ष' होतं म्हणतात. मग बाग आपोआप वाचली ना?

१९७५ च्या नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष मानलं जाऊ लागलं. ते तोडायची परवानगी मिळालीच, तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. हे सगळं बांधावरच्या चिंचेला, आंब्याला, वडाला लागू पडतं. मोसंबीचं कलम मात्र आपल्याकडे पन्नाशी क्वचितच बघतं. निचऱ्याची जमीन आणि नीट निगा असेल तर वीस-पंचवीस वर्षं चांगलं फळ देतं, मग सल, म्हणजे वाळक्या काड्या, वाढते आणि एकेक फांदी वाळत जाते.

आजोबांची बाग म्हणतो, तेव्हाही त्यातली निम्म्याहून जास्त झाडं मामांनी नांगे भरताना, म्हणजे मेलेल्या झाडांच्या जागी, लावलेली आहेत. बाग साठ वर्षांची, पण झाडं साठ वर्षांची नाहीत. अर्जावर सही करेपर्यंत मला हे कळलं नव्हतं.

वयाचा प्रश्न बाजूला ठेवला, तरी महापालिका हद्दीत झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. आपल्या मळ्यातलं आहे म्हणून ती टळत नाही.

जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित करता येईल का?

जैविक विविधता कायदा, २००२ च्या कलम ३७ खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी विचारविनिमय करून असं स्थळ घोषित करू शकतं. या कलमातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: घोषणेमुळे ज्यांचं आर्थिक नुकसान होईल, त्यांना भरपाई किंवा पुनर्वसन देण्याच्या योजना सरकारने कराव्यात, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे.

पुण्याची गणेशखिंड बाग २०२० मध्ये अशी घोषित झाली. १८७३ साली सुरू झालेली ही बाग फळझाडांची आणि संशोधनाची आहे, म्हणून लोक लगेच तिचं उदाहरण देतात. पण ती कृषी विद्यापीठाकडे आहे. तिथल्या माळ्याला पगार आहे आणि पंपाचं बिल संस्था भरते. खाजगी मळ्याला तिचं नाव देण्याआधी हा फरक लक्षात घ्या.

परदेशात असं कुठे झालंय का?

लॉस एंजेलिसच्या टारझाना भागात बॉथवेल रँच नावाची संत्र्यांची बाग होती. जवळपास चौदा एकरांची. सॅन फर्नांडो खोऱ्यात एके काळी सगळीकडे अशा बागा होत्या, त्यांतली ही शेवटची व्यापारी बाग. २०१९ मध्ये कुटुंबाने ती विकायला काढली आणि भागातल्या नगरसेवकाने तिला शहराचं ऐतिहासिक स्मारक ठरवायचा प्रस्ताव आणला. कुटुंबाचा विरोध होता. पुढे साधारण एक तृतीयांश बाग राखायची आणि बाकी जागेत घरं बांधायची, असा तोडगा पुढे आला.

तिथला कायदाही बघण्यासारखा आहे. १९८० पासून अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत खाजगी मालकाने हरकत घेतली तर त्याची मालमत्ता नोंदवत नाहीत. पण शहरांचे नियम वेगळे आहेत. १९७८ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने शहराचा असा अधिकार उचलून धरला, आणि त्या निकालातही विकास हक्क दुसरीकडे नेता येण्याचा विचार झाला होता. आपल्या टीडीआरशी त्याचं नातं लगेच ओळखू येतं.

यादीत गेल्यावर मालकाने बागेकडे लक्षच दिलं नाही तर?

तर बाग मरेल, आणि कायदा बघत राहील.

अर्जाची गोष्ट कळली त्या आठवड्यात मी मळ्यात गेले. मोठे मामा ओट्यावर बसले होते. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "पोरी, सही तू केलीस, आता आळीही तूच कर." मी उन्हाळाभर दर रविवारी गेले. एका माणसाच्या हातून एका सकाळी किती आळी होतात ते मोजलं. माझी अकरा झाली, सालदाराची चाळीस. सहा बाय सहा मीटरवर लावलेल्या बागेत एकरी साधारण एकशे अकरा झाडं बसतात. दोन एकरांचा हिशोब तुम्हीच करा.

आळं म्हणजे नुसता खड्डा नाही. मोसंबीच्या खोडाला पाणी टेकलं की डिंक्या येतो. जमिनीतली बुरशी सालीत शिरते, खोडातून डिंक ओघळतो, साल कुजते आणि पानं पिवळी पडून झाड वरून वाळत येतं. म्हणून खोडाभोवती मातीची भर घालायची आणि पाण्याची आळी बाहेरच्या कडेला करायची. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावायची. वाळलेली सल काढायची. बहार धरायचा तर आधी ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं, आणि ताण किती दिवस ते झाडाच्या पानाकडे बघून ठरवायचं. आंबिया बहार धरला तर ऐन उन्हाळ्यात पाणी पाहिजे, मृगाचा धरला तर पावसावर भिस्त. हे सगळं न करता बाग "जशी आहे तशी" ठेवणं म्हणजे दोन वर्षांत तिचं सरपण करणं आहे.

मामांच्या अडचणीही मी तेव्हाच पहिल्यांदा नीट ऐकल्या. आजूबाजूच्या इमारतींचे बोअर झाल्यापासून विहीर मार्चमध्येच तळाला जाते. शेतीची वीज कधी रात्री येते, तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जायचं. दक्षिणेच्या ओळीवर सात मजली इमारतीची सावली पडते. फवारणीच्या दिवशी वासाची तक्रार येते. ती तक्रार करणाऱ्यांपैकी दोन घरांच्या सह्या आमच्या अर्जावर होत्या.

सरकार कुऱ्हाड थांबवू शकतं. पाण्याची पाळी द्यायला कुणाला भाग पाडू शकत नाही. बागेची राखण म्हणजे रोजचं काम आहे, आणि ते काम कोण करणार, कोणाच्या पैशाने करणार, याचं उत्तर ज्या अर्जात नाही, तो अर्ज मालकाविरुद्ध करू नये, असं माझं आता ठाम मत आहे.

भावंडांचं एकमत नाही. एकाला विकायचंय, बहिणीला राखायचंय. कोणाचं चालतं?

आधी सातबारा आणि फेरफार काढा. वडिलोपार्जित जमीन असेल आणि वाटणी झालेली नसेल, तर हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मुलांइतकाच हक्क आहे. वडील तेव्हा हयात असायला हवेत असंही नाही, हे ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली विक्री किंवा नोंदणीकृत वाटणी मात्र कायम राहते.

पण हक्कसोड, म्हणजे आपला हिस्सा सोडल्याचा दस्त, दिला असेल तर प्रश्न मिटला. माझ्या आईने मामांच्या नावे हक्कसोड केव्हाच दिला होता. म्हणजे मी सही केली तेव्हा त्या बागेतलं एक आळंही आमचं नव्हतं. बहिणींना माझी कळकळीची विनंती: हक्कसोडावर सही करायच्या वेळीच विहीर, चार ओळी, जे काही मनात असेल ते बोलून घ्या.

आम्ही शेजारच्या सोसायटीत राहतो. बाग राहावी असं मनापासून वाटतं. काय करू?

अर्ज लिहिण्याआधी मळ्यात जाऊन बसा. मोसंबी थेट मळ्यातून, बाजारातल्या किरकोळ भावाने, वर्षभरासाठी ठरवून घ्या. वीस-पंचवीस घरांनी हे केलं तर मालकाला आडत, हमाली, गाडीभाडं वाचतं. सोसायटीचं पावसाचं पाणी गटारात सोडण्याऐवजी गाळून विहिरीत किंवा शोषखड्ड्यात सोडता येतं का ते बघा. फवारणीचा दिवस आधी कळवायला सांगा आणि त्या दिवशी खिडक्या लावून घ्या. मुलांना फळं तोडू देऊ नका.

एवढं वर्षभर जमलं आणि मग मालकाशी बोललात, तर बोलणं वेगळं होतं. सगळी बाग नाही, पण विहीर, थारोळं आणि तिच्याभोवतीच्या काही ओळी ले-आउटच्या मोकळ्या जागेत बसवता येतील का, हा प्रश्न बिल्डरला मालकाच्या बाजूने बसून विचारता येतो. ले-आउटमध्ये मोकळी जागा सोडावीच लागते. ती कुठे सोडायची, हे सुरुवातीलाच ठरतं. नकाशा मंजूर झाल्यावर जाऊन उपयोग नाही.

बाग जाणारच असेल तर निदान वाण वाचवता येईल का?

हो, आणि मोठी झाडं उपटून दुसरीकडे नेण्याच्या खटाटोपापेक्षा हे फार सोपं आहे. कागदी लिंबू बियांपासून करा. त्याच्या एका बीतून बहुधा एकापेक्षा जास्त रोपं निघतात आणि त्यांतली बरीचशी आईसारखीच असतात. मोसंबीचा डोळा, म्हणजे फांदीवरचा न फुटलेला कोंब, घेऊन तो रंगपूर लिंबाच्या किंवा जंबेरीच्या खुंटावर, म्हणजे खाली मुळं देणाऱ्या रोपावर, हिवाळ्यात भरायचा. खुंट पेन्सिलीएवढा जाड असावा, आणि लावताना कलमाचा सांधा मातीच्या बराच वर राहील हे बघायचं.

एक सावधगिरी. जुन्या झाडात ट्रिस्टेझा किंवा ग्रीनिंगसारखा रोग दडलेला असू शकतो आणि तो डोळ्याबरोबर नव्या झाडात जातो. म्हणून चार कलमं घरच्या हौसेसाठी करणं वेगळं आणि शेजाऱ्यांना वाटणं वेगळं. वाटायची असतील तर नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेकडे विचारा. रोगमुक्त कलमांचं काम तिथे चालतं. वाण खरोखरच वेगळा वाटत असेल, तर २००१ च्या वाण संरक्षण कायद्यात शेतकऱ्याच्या नावाने नोंदणीची सोय आहे.

तुमच्या आजोळच्या बागेचं पुढे काय झालं?

मी अर्जावरची माझी सही लेखी पत्र देऊन मागे घेतली. बाग अजून विकलेली नाही. मामांनी एक एकराची बोलणी सुरू ठेवली आहेत आणि विहिरीकडचा एकर तूर्त ठेवायचं म्हणताहेत. "जमेल तितके दिवस," हे त्यांचे शब्द. मी अजूनही रविवारी जाते. गेल्या हिवाळ्यात धाकट्या मामांनी मला डोळा भरायला शिकवलं. पहिल्या वीसपैकी सात लागले.

बोर्डो पेस्ट घरी कशी करायची?

एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. भांडं प्लॅस्टिकचं घ्या, लोखंडाचं नको. एक किलो कळीचा चुना दुसऱ्या पाच लिटर पाण्यात फोडून घ्या आणि थंड होऊ द्या. मग दोन्ही तिसऱ्या भांड्यात एकदम ओतत ढवळा. स्वच्छ विळा त्यात क्षणभर बुडवून बघा. पात्यावर तांबूस रंग चढला तर चुना कमी पडलाय, थोडा वाढवा. त्याच दिवशी लावून संपवा. खोड आधी पोत्याने पुसून घ्या, डिंक ओघळलेली साल धारदार चाकूने खरवडून काढा, आणि जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत कुंचल्याने सगळ्या बाजूंनी लावा.